दहा कवितासंग्रह निवडताना: माझा अनुभव

आमच्या गावच्या वाचनालयाने अलीकडच्या काळातले दहा मराठी कवितासंग्रह निवडून देण्याचे काम माझ्यावर सोपवले, तेव्हा पुरस्कार आणि प्रस्तावना पाहून मी चार दिवसांत यादी तयार केली. पुस्तके घरी आणून वाचली, तर त्यांतली निम्मी माझ्याच्याने दुसऱ्यांदा वाचवेनात. ती यादी मी रद्द केली आणि संग्रह निघण्याआधी कविता जिथे छापून येते, तिथून सुरुवात केली.

पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये धुळ्याहून सुरू केलेल्या ‘कविता-रती’चे जुने अंक मिळवले; ‘अनुष्टुभ’, ‘मुक्त शब्द’ आणि काही दिवाळी अंक चाळले. स्वखर्चाने काढलेल्या संग्रहाला कोणी ‘साभार परत’ म्हणत नाही; नियतकालिकातली कविता मात्र एका संपादकाच्या नजरेखालून गेलेली असते आणि शेजारी इतरांच्या कविता असल्याने तिचे उसने अवसान लगेच उघडे पडते. जे नाव दोन-तीन अंकांत लक्षात राहिले, त्याचाच संग्रह शोधायचा, असे मी ठरवले.

पारख मात्र वहीने शिकवली. आवडलेली कविता मी हाताने उतरवून घेत असे, मग तिच्या ओळी मोडून ती सलग गद्यासारखी लिहीत असे आणि आठ दिवसांनी दोन्ही मोठ्याने वाचत असे. पुष्कळ कवितांत काहीच फरक पडत नसे, म्हणजे ओळी केवळ कागदावर तोडलेल्या होत्या. ‘वेदना’, ‘काळोख’, ‘अस्तित्व’ हे शब्द इकडचे तिकडे केले तरी चालत होते. याउलट एका कवितेत चुलीजवळचे ‘पोतेरं’ आले होते. त्याजागी मी ‘फडकं’ लिहून पाहिले, आणि शेण-मातीचा तो ओला वास, रोज पहाटे चूल सारवणारा तो हात, सगळेच नाहीसे झाले. त्या एका शब्दापाशी मी बराच वेळ बसून होतो. दुर्बोध वाटलेल्या कवितांनाही मी हीच मुदत दिली. त्यांतल्या काही तिसऱ्या वाचनात उलगडल्या, आणि त्या आधीच बाजूला टाकल्या असत्या तर माझेच नुकसान झाले असते.

अखेर सातच संग्रह निवडले. उरलेल्या पैशांत दोन नियतकालिकांची वर्गणी भरावी, असे मी समितीला लेखी कळवले आणि ते मान्य झाले.