शिडासारखी सावली

आज ओपीडीत औशाकडची एक आजी आली. कडेवर पाच महिन्यांचं लेकरू, पदराखाली जपून धरलेला एक्स-रे. "डाक्टरसाहेब, छातीत गाठ दिसायली म्हनले. काय व्हईल ओ लेकराला?" दोन रात्री घरात कुणाच्या डोळ्याला डोळा नव्हता.

फिल्म उजेडावर धरली. हृदयाच्या वर, उजवीकडे, होडीच्या शिडासारखी त्रिकोणी सावली. ती थायमस. तान्ह्या बाळात ही ग्रंथी मोठीच असते, वय वाढेल तशी आकसत जाते. शिवाय बाळ रडत असताना, श्वास सोडलेल्या क्षणी फिल्म निघालेली. म्हणूनच फुप्फुसांवर समोरच्या चारच बरगड्या मोजता येत होत्या. अशा वेळी हृदय फुगलेलं आणि फुप्फुसं पांढुरकी दिसणारच. मोठ्यांत हृदय छातीच्या रुंदीच्या ५० टक्क्यांच्या आत लागतं, तान्ह्या बाळात ५५-६० टक्केही चालतं.

आणि बाळ? माझ्या स्टेथोस्कोपची नळी ओढत खिदळत होतं. श्वास मिनिटाला ३८, या वयाला अगदी ठीक; छाती स्वच्छ.

याच्या उलटही होतं. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकला, तर तो एक्स-रेत उमटत नाही; फिल्म साफ दिसू शकते. आपल्याकडे घरोघरी शेंगा, म्हणून कळकळीनं सांगतो: खाताना ठसका लागला आणि मग खोकला थांबेना, तर एक्स-रे नॉर्मल आला तरी लेकराला पुन्हा दाखवाच.

आजीचं बोट धरून त्या सावलीवर फिरवलं. "म्हंजे ही गाठ न्हाई?" तिनं तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं. मग ती बाकावर बसली आणि पदरात तोंड लपवून पोटभर रडली.