हॉर्नेटचं पितळ पातळ असतं

.२२ हॉर्नेट हे ग्राउंडहॉग, ससा अशा लहान शिकारीचं जुनं अमेरिकन काडतूस. त्याचं मूळ १८८५ च्या .२२ विंचेस्टर सेंटरफायरमध्ये, म्हणजे काळ्या दारूच्या जमान्यात. १९२० च्या दशकात सैन्याधिकारी व शस्त्रलेखक टाउनसेंड व्हेलेन आणि स्प्रिंगफील्ड आर्मरी या अमेरिकी सरकारी शस्त्र कारखान्याच्या मंडळींनी त्याच केसला, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाला, धूररहित दारूचं बळ दिलं. १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने काडतुसं विकायला काढली, तेव्हा त्यासाठी कारखान्याची रायफलच नव्हती. सुरुवातीच्या हॉर्नेट रायफली कारागिरांनी स्प्रिंगफील्ड एम१९२२ सारख्या रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या काडतुसांच्या) रायफली बदलून केलेल्या आहेत.

अशी जुनी रायफल हाती आली, तर आधी नळी मोजा. पूर्वीच्या नळ्या .२२३ इंच गोळीसाठी, नंतरच्या .२२४ साठी. तेल लावलेल्या नळीतून मऊ शिशाचा तुकडा हलकेच ढकलायचा आणि मायक्रोमीटरखाली धरायचा. अरुंद नळीत जाड गोळी गेली की दाब वाढतो. नळीतल्या चऱ्यांच्या पिळाचं मापही पाहायला हवं. १६ इंचात एक फेरी हा नेहमीचा पीळ ४५ ग्रेनच्या (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम) आखूड गोळीला पुरतो. लांब, टोकदार, जड गोळी मात्र डगमगते आणि लक्ष्यावर आडवं भोक पाडते. मॅगझिनही आखूड, त्यामुळे पूर्ण काडतुसाची लांबी १.७२३ इंचांच्या आत हवी. चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यावं.

उडवलेली केस पुन्हा भरून वापरायची, तर खरी कसोटी तिचीच. निमुळतं अंग, नाममात्र खांदा (अंग गोळी धरणाऱ्या मानेकडे अरुंद होतं ती जागा) आणि फार पातळ भिंत. गोळी बसवताना तोंडाची आतली कड धारदार राहिली असेल, तर गोळी मान खाली रेटते आणि खांद्याजवळ घडी पडते. ती घडी इतकी बारीक असते की काडतूस चेंबरमध्ये अडेपर्यंत दिसत नाही. म्हणून कड आतून हलकी तासायची, गोळी सरळ धरून सावकाश दाबायची. क्रिंप (केसचं तोंड गोळीवर आवळणं) हवाच असेल तर वेगळ्या टप्प्यात करायचा, आणि त्याआधी सगळ्या केस १.३९३ इंचांवर कापून एकसारख्या करायच्या. लांबी कमीजास्त राहिली की लांब केसवर क्रिंप जास्त बसतो आणि घडी तिथेच पडते.

दुसरा त्रास जास्त धोक्याचा आहे. हे रिमचं, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेलं काडतूस. रिममुळे ते चेंबरमध्ये जागेवर राहतं, त्यामुळे खांद्यापुढे मोकळी जागा उरली तरी कळत नाही. बार उडाला की केस पुढे ताणली जाते. पुढच्या वेळी डाय (केस पुन्हा मापात आणणारा साचा) तळापर्यंत उतरवून खांदा पुन्हा मागे ढकलला, की पुन्हा ताण. चार-सहा वेळा असं झालं की बुडाच्या थोडं वर पितळ आतून झिजतं. टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून वर ओढा. झिजलेल्या जागी तार खाचेत अडकल्यासारखी थांबते. बाहेर त्याच जागी चकचकीत कडं दिसलं, तर ती केस चिमटून फेकून द्या. नाहीतर पुढच्या बाराला बूड बाहेर येईल आणि उरलेलं अंग चेंबरमध्ये अडकून बसेल.

उपाय साधा आहे: डाय थोडी वर घ्या, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) जेमतेम बंद होईल इतकाच खांदा मागे न्या. मग केस रिमऐवजी खांद्यावर टेकते. अर्थात त्या केस त्याच रायफलसाठी राखाव्या लागतात, दुसऱ्या चेंबरमध्ये त्या शिरतीलच असं नाही. १९४० च्या सुमाराचा के-हॉर्नेटही याच अडचणीवर तोडगा होता: अंग सरळ केलं, खांदा तीव्र केला, त्यामुळे ताण कमी झाला आणि थोडी जागाही वाढली.

दारूचं वजन छापील तक्त्यावरूनच घ्यायचं, तेही त्याच गोळीचं. एवढ्याशा केसमध्ये ०.१ ग्रेनचा फरकसुद्धा दाबात उमटतो, म्हणून प्रत्येक भरणी तराजूवर तोलावी.