पाला कुजवण्याचा प्रयोग : सहा बाटल्या, एकच कॅन

मांडणी, जुलैचा पहिला सोमवार. दोन लिटरच्या सहा कोल्ड्रिंकच्या बाटल्या, मान कापून, वर्गातल्या प्रत्येक गटाला एक. बुडाला भोक पाडलेलं नाही, ते मुद्दाम. जास्त ओतलेलं पाणी बाटलीतच राहिलं पाहिजे. खाली दोन बोटं खडी, वर 400 ग्रॅम माती, तीत 80 मिली पाणी कालवून. आपल्याकडची नुसती काळी माती वापरू नका, वर डबकं साचतं आणि पाणी खाली उतरतच नाही. निम्मी वाळू घाला. तोंडाला मलमलचं फडकं बांधा, नाहीतर चिलटांनी वर्ग भरतो.

प्रत्येक बाटलीत मच्छरदानीच्या जाळीच्या चार पिशव्या : दोन शेवग्याच्या, दोन आंब्याच्या, प्रत्येकीत 5 ग्रॅम वाळलेला पाला. नायलॉनच्या दोऱ्यानेच शिवा. सुती दोरा पाल्याबरोबर कुजतो आणि पिशवी मातीतच उसवते. नंबर प्लास्टिकच्या तुकड्यावर पेन्सिलने. पेनाची शाई उतरते. पुरण्याआधी पिशवी पांढऱ्या कागदावर झटकून पुन्हा वजन करा. शेवग्याचा भुगा जाळीतून गळतो आणि हिशेबात तो ‘कुजला’ म्हणून धरला जातो.

द्राक्षाचा पाला नाशकात फुकट मिळतो, पण घेऊ नका. पावसाळ्यात त्यावर बोर्डो या बुरशीनाशकाची फवारणी असते, आणि त्यातल्या मोरचुदाचं तांबं ज्या बुरशीला मारतं तिचेच जातभाई पाला कुजवतात.

पाणी. दर सोमवारी सहा गटांना मिळून एकच कॅन, 300 मिली. माणशी नव्हे, गटागणिक 50 मिली पुरतं. पहिले तीन सोमवार नियम काही नाही, येईल त्याने घ्यावं. पहिल्या दोन गटांनी 120-120 घेतले, तिसऱ्याला 60 उरले, बाकीचे तिघे कोरडे. तिन्ही वेळा रांग तीच.

तिसरा आठवडा, पहिल्या पिशव्या बाहेर. माती ब्रशने झाडली. पावसात ऊन कुठलं, म्हणून खोक्यात 40 वॅटचा बल्ब लावून, वजन दोनदा सारखं येईपर्यंत वाळवलं. शेवगा : तिसऱ्या गटाचा 3.1 ग्रॅम उरला, कोरड्या बाटल्यांत 4.4 च्या आसपास, आणि भरपूर पाणी घेतलेल्यांचा 4.1. आंबा सगळीकडे जवळपास होता तसाच. जाड, मेणचट पान, लिग्निन (लवकर न कुजणारा कठीण भाग) जास्त.

म्हणजे ज्यांनी जास्त घेतलं त्यांचंही बिघडलं. पाण्यात ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो, म्हणून साचलेल्या पाण्यात पाला कुजवणाऱ्यांना तो कमी पडतो. त्या दोन बाटल्यांत खडीजवळ काळा थर आणि सडक्या अंड्याचा वास. उपाय : सिरिंजने तळचं पाणी ओढून काढलं, विणायच्या सुईने माती टोचली. चार दिवसांत वास गेला.

चौथ्या सोमवारपासून मोसम-आरम खोऱ्यातल्या (नाशिक जिल्हा) फड पद्धतीची, म्हणजे सामाईक पाणीवाटपाच्या जुन्या रीतीची नक्कल. तिथे शेतकरी आपल्या हाताने पाणी घेत नाही, पाटकरी, म्हणजे नेमलेला पाणी वाटणारा, देतो. वर्गातही एकच पाटकरी, बाटलीत पाणी नसलेल्या गटातला, हातात औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण. मातीची मूठ दाबून पाहायची : एखाद-दोन थेंब आले तर त्या आठवड्याला त्या बाटलीला पाणी नाही, वाचलेलं कॅनमध्येच. बुडालेल्या दोन बाटल्यांना सहाव्या आठवड्यापर्यंत एक थेंबही द्यावा लागला नाही.

उरलेल्या पिशव्या येत्या सोमवारी काढायच्या. पुढच्या फेरीला कॅन 240 मिलीचा, पाटकरी तोच.