अपग्रेड यशस्वी, सर्व्हिस गायब

अपग्रेडच्या लॉगमध्ये एकही एरर नव्हती. सगळ्या मशीनवर नवी आवृत्ती बसलेली, आणि तरी डॅशबोर्डवर कित्येक सर्व्हर मुके, त्यांच्याकडून माहितीच येईना.

आमचा देखरेखीचा एजंट, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर मागे चालणारा छोटा प्रोग्राम, एकाच सोर्स कोडमधून दोन प्रकारच्या लिनक्स पॅकेजांत निघतो: डेबियन-उबुंटूसाठी डेब, फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यासाठी आरपीएम. इन्स्टॉल करताना आणि काढताना चालणाऱ्या स्क्रिप्ट दोन्हींत सामाईक. ही व्यवस्था मी येण्याच्या आधीची, आणि कागदावर झकास दिसते.

मुके झालेले सगळे आरपीएमवाले निघाले. पहिला संशय नेहमीप्रमाणे जीलिबसीवर, म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर उभे असतात त्या मूळ लायब्ररीवर. रेड हॅट ८ मध्ये ती २.२८ आहे, ९ मध्ये २.३४, नव्यावर बांधलेली बायनरी जुन्यावर अडते. पण तसं असतं तर एजंट सुरू होताना बोंबलला असता. इथे सर्व्हिसच डिसेबल होती, आणि ज्या युजर खात्याच्या नावाने ती चालते तो युजर सिस्टीममधून नाहीसा. पॅकेज काढून नव्याने बसवलं की सगळं सुरळीत.

"टेस्ट तर दर वेळी पास होतात रे," सहकारी म्हणाली. होणारच. टेस्ट म्हणजे कोऱ्या मशीनवर इन्स्टॉल. अपग्रेड कोणी करूनच बघत नव्हतं.

मग पॅकेजातल्या स्क्रिप्ट उघडल्या. आरपीएमच्या अपग्रेडमध्ये आधी नवं पॅकेज बसतं, त्याची पोस्ट स्क्रिप्ट (बसवल्यानंतरची) चालते, मग जुन्याच्या फाइली जातात आणि त्यानंतर जुन्याची पोस्टअन (काढल्यानंतरची स्क्रिप्ट) चालते. नवा भाडेकरू सामान लावून बसलाय आणि जुना येऊन वीज तोडून जातो, तसलाच प्रकार. म्हणून आरपीएम पोस्टअनला एक आकडा देतं: ० असेल तर पॅकेज खरंच काढलं जातंय, १ असेल तर अपग्रेड आहे. आमची स्क्रिप्ट त्या आकड्याकडे बघतच नव्हती. सर्व्हिस थांबव, डिसेबल कर, युजर उडव, बस्स.

मग डेबियनवर कसं चालत होतं? मला तर यातच खरी गंमत वाटली. तिथेही तेच होत होतं! डेब पॅकेजं बसवणारं डीपीकेजी जुन्याची पोस्टआरएम (काढल्यानंतरची स्क्रिप्ट) 'अपग्रेड' असं सांगून चालवतं. आमची स्क्रिप्ट तेही न ऐकता युजर उडवायची. पण तिथे नव्याची पोस्टइन्स्ट (बसवल्यानंतरची स्क्रिप्ट) त्यानंतर चालते. ती युजर पुन्हा बनवायची, सर्व्हिस सुरू करायची, आणि कोणाला पत्ताही लागत नव्हता.

मीटिंगमध्ये अपेक्षित प्रश्न आलाच: सगळीकडे एकच फॉरमॅट का नाही? तो प्रयत्न होऊन गेलाय. वेगवेगळ्या लिनक्ससाठी सामाईक नियम घालणाऱ्या लिनक्स स्टँडर्ड बेस या प्रमाणाने आरपीएम फॉरमॅट ठरवला होता; डेबियनवर अशी पॅकेजं एलियन नावाचं साधन वापरून डेबमध्ये बदलून घ्यायची. एलियन मुद्दाम सांगितल्याशिवाय पॅकेजातल्या स्क्रिप्ट सोबत घेत नाही, आणि ते का, हे त्या दिवशी पुरतं पटलं. त्या प्रमाणाची ५.० आवृत्ती २०१५ ची. त्याच वर्षी डेबियनने त्याचा बहुतेक भाग सोडून दिला. फ्लॅटपॅक हा सगळ्या लिनक्सवर चालणारा दुसरा फॉरमॅट मुख्यतः डेस्कटॉप ॲप्ससाठी, आमच्यासारख्या सिस्टीम सर्व्हिसला ते लागू नाही. आणि फॉरमॅट एक झाला तरी कोणती स्क्रिप्ट कधी चालायची हे दोन्ही घराण्यांनी एकमताने ठरवल्याशिवाय आमचा घोळ सुटला नसताच.

दुरुस्ती वाटली तेवढी सोपी नव्हती. सदोष पोस्टअन प्रत्येक मशीनच्या आरपीएम डेटाबेसमध्ये आधीच जाऊन बसलेली. नव्या पॅकेजला ती बदलता येत नाही. पुढच्या अपग्रेडला ती चालणारच. म्हणून आरपीएमच्याच पोस्टट्रान्स या स्क्रिप्टचा आधार घेतला. सगळा व्यवहार उरकल्यावर ती चालते, अगदी जुन्याच्या पोस्टअननंतरही. तिच्यात युजर परत बनवला, फाइलींची मालकी त्याला दिली, सर्व्हिस सुरू केली. नव्या पोस्टअनमध्ये आकड्याची तपासणी घातली आणि डेबच्या स्क्रिप्ट वेगळ्या केल्या.

जुनी आवृत्ती असलेलं एखादं जरी मशीन शिल्लक असेल, तोवर पोस्टट्रान्समधल्या त्या ओळी काढता येणार नाहीत. उद्या कोणी साफसफाई करताना त्या उडवू नयेत म्हणून वर लांबलचक कॉमेंट टाकलीय. रिव्ह्यूमध्ये ती कमी करायला सांगितली, केली नाही.