आधी कविता, मग कवी

कवितेवर गप्पा रंगल्या की कोणीतरी विचारतंच, "कविता समजायला कवीचं आयुष्य माहीत असावं लागतं का?" विचारण्यात थोडी तक्रारही असते. कवितेनं स्वतःच्या पायावर उभं राहायला नको का? राहायला हवंच. तरी कवीचं आयुष्य कळल्यानं वाचण्यात काय फरक पडतो, हे बघायला तुकोबांपासून सुरुवात करतो.

"बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली ॥" तुकोबांविषयी काहीच ठाऊक नसेल, तर हे वैराग्याचं ठरीव बोलणं वाटतं. संत असंच म्हणायचे, असं म्हणून आपण पुढे सरकतो. आता त्यांचाच दुसरा अभंग घ्या. संतांनी विचारलं म्हणून, "नये बोलों परी पाळिलें वचन" असं आढेवेढे घेत ते स्वतःची हकीकत सांगतात. त्यात १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आहे, बुडालेला व्यापार आहे, गेलेली अब्रू आहे. आणि ही ओळ: "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली." एवढं वाचून पुन्हा "बरें जालें" कडे या. ज्याच्या घरातलं माणूस भुकेनं गेलं, तो दुष्काळाला बरा म्हणतोय. यात वैराग्य किती, देवाशी भांडण किती आणि स्वतःची समजूत घालणं किती, हे मला अजून नीट वेगळं करता येत नाही. पण ती ओळ आता सपाट वाचता येत नाही. चरित्रानं अर्थ सांगितला नाही, आवाज ऐकवला.

कधी आयुष्यातून कवितेची घडणच कळते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलानं, कवी सोपानदेवांनी, जपली आणि १९५१ साली त्या गेल्यावर, १९५२ मध्ये, पुस्तकरूपानं आली. आखूड ओळी, तोंडात बसणारी यमकं, पुन्हा पुन्हा येणारी हाक, हे सगळं कागदाशिवाय टिकायचं होतं. "अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी, तसं तसं माझं गानं पोटातून येतं व्होटी" ही घरोट्याची, म्हणजे जात्याची, उपमा मला म्हणूनच नुसती उपमा वाटत नाही. गाणं कसं तयार होतं, याचा तो सरळ तपशील आहे.

पण चरित्र घातही करतं. बालकवी १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वयाची अठ्ठावीसही पुरी नव्हती. हे आधी कळलं, की 'औदुंबर' मधल्या "गोड काळिमा" वर लोक लगेच बोट ठेवतात: बघा, मृत्यूची चाहूल! अहो, आपल्याला शेवट ठाऊक आहे, लिहिताना त्यांना नव्हता. जेमतेम आठ ओळींत झरा आहे, गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे. ते सगळं न बघता आपण थेट अपघाताकडे धावतो. त्या काळिम्याला "गोड" का म्हटलंय, हे विचारायचंही राहून जातं.

म्हणून नव्या वाचकाला मी आधी 'औदुंबर' देतो. भादलीचं नंतर सांगतो, तेही त्यानं विचारलं तर.