गोव्यातला दुष्काळ बेरजेत सापडत नाही

दुष्काळ म्हटला की गोव्यात घाटावरचा मुलूख आठवतो. माण-खटावात वर्षाला जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे 3000 च्या घरात. हंगामाच्या सरासरीत पाव हिश्श्याहून अधिक तूट आली तरच हवामान खाते दुष्काळ मानते. म्हणजे गोव्यात 2300 मिलिमीटर पाऊस झाला, तर ते वर्ष कागदावर दुष्काळाचे ठरणार नाही. तो पाऊस जुलैत धो धो पडून ऑगस्टभर गायब झाला असला तरीही. माझे म्हणणे एवढेच, की आपल्याकडचा दुष्काळ पावसाच्या खंडात आणि जमिनीच्या खारेपणात शोधला पाहिजे, वर्षाच्या बेरजेत नव्हे.

घाटावरचा इतिहास इथे थोडक्यात सांगायला हवा. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खन आणि दक्षिण भारतात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली. शेतसारा रोख पैशांत ठरलेला, पीक बुडाले तरी भरायचा. 1875 मध्येच पुणे-नगरच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती, इतके ते आधीच पिचलेले होते. पाऊस हुकला तेव्हा त्यांच्याकडे शिल्लक काहीच नव्हते, आणि देशातले धान्य तर बाहेर जातच होते. त्यानंतर 1880 चा दुष्काळ आयोग आला आणि दुष्काळ संहिता तयार झाल्या. 1972 मध्ये महाराष्ट्रात पाझर तलावांची, नालाबांधाची, खडी फोडण्याची कामे निघाली, लाल मिलो ही परदेशी ज्वारी आणि सुकडी हा पौष्टिक कोरडा खाऊ वाटला गेला, म्हणून माणसे जगली. जनावरे मात्र कवडीमोलाने विकली गेली. बैल गेला की पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर येऊनही पेरणी लांबते. दुष्काळ एका वर्षात संपत नाही तो असा.

आता आपल्याकडचे पाहू. ऑगस्ट 2023 हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरद, म्हणजे पावसाळी हंगामाचे भात तेव्हा फुटव्यांतून पोटरीकडे निघालेले असते. मोरड जमिनीत, म्हणजे उंचावरच्या पावसावरच्या शेतात, आठ-दहा दिवस ऊन पडले की चिखलणीने बसलेला थर तडकतो. एकदा भेगा खोल गेल्या की पुढच्या पावसाचे पाणीही टिकत नाही, सरळ खाली उतरते. पाण्याबाहेर पडलेल्या मातीत तण उठते. निसवण्याच्या वेळी ताण बसला तर लोंबी अर्धी आवरणातच अडकते, आणि बाहेर आलेल्या लोंबीत पळंज, म्हणजे पोकळ दाणे, जास्त. लांबून शेत हिरवेगार दिसते, त्यामुळे नुकसान कापणीपर्यंत कळत नाही.

खंड पडलाच तर युरियाचा हप्ता थांबवावा. कोरड्यात टाकलेला नत्र वाया जातो आणि ओल परतली की करपा रोग बळावतो. बांधावरची खेकड्यांची बिळे आधी बुजवावीत. लावणीच लांबली आणि रोप 35 दिवसांच्या पुढे गेले, तर फुटवे कमी येतात. मग एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या रोपांत, दोन-तीनऐवजी चार रोपे घ्यावीत आणि अंतर 15 सेंटिमीटरवर आणावे.

खाजनाची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीची, गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त गंभीर. इथे पाऊस दोन कामे करतो: पीक भिजवतो आणि मीठ धुतो. उन्हाळ्यात जमीन तापते, भेगाळते, खालचे मीठ वर येते. पहिल्या सरींचे पाणी शेतात साठू द्यायचे, ओहोटीला मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाणदारातून, सोडून द्यायचे, आणि हे दोन-तीनदा करून मगच मोड आलेले कोरगुट, म्हणजे खारे सोसणारे गावठी भात, फेकायचे. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने बाहेर उघडतात. दाराच्या फटीत एखादी काटकी अडकली तरी रातोरात खारे पाणी आत येते.

पहिल्याच सरीला घाई करून बी टाकले आणि पुढे खंड पडला, तर मातीवर पांढरी पापडी धरते आणि रोपांची पाने शेंड्याकडून जळत खाली येतात. त्या वेळी शेतातले पाणी बाहेर सोडायचे नाही. असेल ते चार-पाच सेंटिमीटर पाणी धरून ठेवायचे. म्हणून बियाण्याचा चौथा हिस्सा दुबार पेरणीसाठी राखलेला बरा. साध्या भातात मातीचा खारेपणा मीटरमागे 3 डेसिसायमन या मापाच्या वर गेला की पुढच्या प्रत्येक एककाला उत्पन्न सुमारे 12 टक्क्यांनी घटते. कोरगुट त्याहून बरेच सोसते. जुने गोव्यातील केंद्रीय संशोधन संस्थेने त्यातूनच निवडून गोवा धान 1 आणि 2 हे वाण काढले आहेत.

बांधांची निगा पूर्वी गावकरी, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीची संस्था, राखत असे. 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगिजांनी नोंदवलेल्या गावकीच्या रीतींचा बराच भाग जमिनीशी बांधलेला आहे. पुढे कूळ कायद्यानंतर ही जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. मानशीच्या मासळीचा लिलाव शेतापेक्षा जास्त पैसे देऊ लागला, तिथे खारे पाणी आत घेण्याचा मोह वाढला. एकदा दोन-तीन हंगाम शेत खारवले, की चांगल्या पावसातही ते धुतले जात नाही, आणि शेजारच्या ज्यांनी मानस उघडली नाही त्यांचेही पीक जाते. हा माणसाने आणलेला दुष्काळच आहे. मला तो सर्वांत जास्त खटकतो.

वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकासाठी, ओहोळावरचा बंधारा वेळेवर अडवणे हेच मुख्य काम. पाऊस ओसरून धार बारीक होऊ लागली की, साधारण ऑक्टोबरअखेर, फळ्या बसवाव्यात. डिसेंबरात अडवलेल्या बंधाऱ्यात साठवायला पाणीच उरत नाही. पक्का बंधारा नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा करावा. पोती दोन-तृतीयांशच भरावीत. ठासून भरलेली पोती एकमेकांत बसत नाहीत आणि फटींतून पाणी निसटते. पाया वीतभर खणून घ्यावा, थर विटांसारखे सांधे मोडून रचावेत, वरच्या अंगाला चिकण मातीचा लेप द्यावा. उंची मीटर-सव्वा मीटरच्या पुढे नेऊ नये. असे बंधारे बहुधा मधून फुटत नाहीत. पाणी कडेने माती कापत वाट काढते. म्हणून दोन्ही टोके काठात हातभर शिरवावीत. मे महिन्यात फळ्या किंवा पोती काढायला विसरलात, तर पहिल्या पुरात वरच्या बाजूचे शेत गाळाखाली जाईल.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीला मार्च ते मे दर तीन-पाच दिवसांनी झाडामागे 175 लिटर पाणी लागते. ठिबकवर रोज 16 ते 20 लिटर पुरते. डोंगरातली झर एप्रिलमध्येच आटली, तर कोवळ्या सुपाऱ्या गळतात. माडाचे तर नुकसान उशिरा उमगते. पोयीचा, म्हणजे फुलोऱ्याचा, अंकुर धरण्यापासून नारळ पिकेपर्यंत साडेतीनेक वर्षे जातात, त्यामुळे या उन्हाळ्यातला ताण पुढच्या वर्षी आणि त्याच्याही पुढच्या वर्षी पाडेल्याला, म्हणजे नारळ उतरवणाऱ्याला, दिसतो. खर्च न करता होण्यासारखे एकच काम आहे: पावसाळा संपत येताना बुंध्याभोवती दोन मीटरपर्यंत सोडणे, म्हणजे नारळाची सालपटे, पालथी, फुगीर बाजू वर करून पसरणे. चर खणून पुरणार असाल तर मात्र ती उताणी ठेवायची, म्हणजे पोकळीत पाणी धरते.