शिडी लागत नाही

रविवार, २ जून २०२४, रात्री

आजही शिडी लागली नाही.

शिडी म्हणजे व्हीपीएन. इथली पोरं त्याला 'थीत्झ' म्हणतात, त्याचा अर्थच शिडी. आणि ती वापरून बंद साइटवर जाणं म्हणजे 'फानछ्यांग', भिंत ओलांडणं. आठ वर्षं चीनमधल्या खछ्याओमध्ये, कापडाच्या बाजारात काढल्यावर मीही तेच म्हणते, आणि माझं ऐकून इचलकरंजीत आईही. "शिडी लागली व्हय गं?" असं विचारते, जणू मी नारळ काढायला निघाले आहे.

फोनवर तो गोल फिरतोय. लॉस एंजेलिस नाही. टोकियो नाही. सिंगापूरला एकदा हिरवं झालं, आईचं 'जेवलीस का' तेवढं आत आलं आणि परत सगळं राखाडी. उत्तर गेलंच नाही. जूनचा पहिला आठवडा आला की हे ठरलेलं आहे. मार्चमध्ये बीजिंगला अधिवेशन भरतं तेव्हाही असंच होतं. आम्ही परदेशी लोक कॅलेंडर बघून फोन करतो. अमावास्या-पौर्णिमा पाळावी तसं.

भिंत म्हणतात खरं, पण ती दिसत नाही हीच तिची खुबी. पानावर 'ही साइट बंद आहे' असं कुणी लिहीत नाही. तुम्ही साइटचं नाव विचारता, तुम्हाला खोटा पत्ता मिळतो. पत्ता खरा मिळालाच, तर जोडणी मधल्यामध्ये तोडतात. तुमच्यापुढं नुसतं फिरत राहतं. मी आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं घरमालकाचं राउटरच खराब आहे. बिचाऱ्याला दोनदा बदलायला लावलं. तोही सज्जन, काही न बोलता बदलून गेला. त्याला नक्की ठाऊक असणार.

सोमवार, ३ जून

दिवसभर कापडाची तपासणी. चाळीस थान, त्यात नऊ डागी. दुसरं काही नाही.

संध्याकाळी इचलकरंजीचे एक व्यापारी भेटले, चार दिवसांसाठी बाजारात आलेत. म्हणाले, "कुठं काय बंद आहे? माझं तर सगळं चालतंय की." दर वेळी कुणीतरी हे म्हणतंच. त्यांचं भारतातलं सिम रोमिंगवर असतं, त्याचा डेटा आधी भारतात जातो आणि तिथून बाहेर पडतो, म्हणून भिंत मध्ये येतच नाही. चार दिवस ते परवडतं. आठ वर्षं कोण रोमिंगवर काढणार? त्यांच्या हॉटस्पॉटवर पाच मिनिटं बसून आईला "जेवले" एवढं कळवलं. काकांना वाटलं असेल, ही पोरगी भारीच चिकट आहे.

मंगळवार, ४ जून

आज लोकसभेचा निकाल. आणि आज ४ जून. पंचांगात शोधूनही याहून वाईट दिवस सापडला नसता. १९८९ साली या दिवशी बीजिंगमध्ये तियानानमेनच्या आंदोलकांचं जे झालं त्याचा उच्चार इथं होत नाही. हे दिवस आले की वेइबोवरच्या, म्हणजे इथल्या ट्विटरवरच्या, इमोजींमधून मेणबत्तीचं चित्र नाहीसं होतं. शेजारच्या टेबलवरची मुलगी आज नेहमीपेक्षा जास्त कापडाबद्दल बोलत होती. मीही कापडाबद्दलच बोलले. याची सवय कशी लागते ते सांगता येत नाही. लागते एवढं खरं.

तर मतमोजणी. आमचा मतदारसंघ हातकणंगले. ७ मेला मतदान झालं, आईनं शाईचं बोट पाठवलं होतं. माझं नाव यादीत आहे, पण आमच्यासारख्यांना मत द्यायचं तर केंद्रावर जाऊनच द्यावं लागतं. तिकडचे आठ म्हणजे इकडचे साडेदहा. शिडी सकाळपासून मेलेली. निकालाची साइट उघडेना. ती इकडून बंद की तिकडून, कुणास ठाऊक. आपल्याकडच्या कितीतरी सरकारी साइट परदेशातून उघडतच नाहीत. मागं घरच्या एका कागदासाठी मी आठवडाभर झटले. शिडीत 'भारत' असा पर्याय आहे, पण यंत्र सिंगापुरात. २०२२ मध्ये आपल्या सरकारनं व्हीपीएनवाल्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितली, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी भारतातली यंत्रंच उचलली. शेवटी भाऊ रांगेत उभा राहिला तेव्हा कागद मिळाला.

अकराला जिन्यात जाऊन भावाला साधा आयएसडी लावला. तो म्हणाला, "ताई, थांब, फोन टीव्हीपुढंच ठेवतो." ठेवला. मग मी शाओशिंगजवळच्या एका इमारतीच्या जिन्यात बसून मराठी वृत्तवाहिनी ऐकली. अँकर ओरडतोय, मध्येच प्रेशर कुकरची शिट्टी, आणि सगळ्यांवर आईचा आवाज: "आता माने पुढं. थांब, थांब, कमी झालं बघ." कितवी फेरी विचारलं की "गप गं, दाखवायलेत" म्हणून मलाच दटावणार. मी तीनदा कामावर जाऊन आले, तीनदा परत लावला. चौथ्या वेळी भाऊ म्हणाला, सांगलीत अपक्ष विशाल पाटील येतायत. त्यावर शेजारच्या काकू काहीतरी बोलल्या, सगळे हसले. मला ते ऐकू आलं नाही आणि परत कुणी सांगितलंही नाही.

संध्याकाळी चिनी बातम्यांच्या ॲपवर मोदींचा फोटो होता, भाजपच्या २४० जागांचा आकडाही होता. हातकणंगले त्यात कुठून असणार. धैर्यशील माने १३,४२६ मतांनी आले, हे मला आईकडूनच कळलं. रात्री लिफ्टमध्ये शेजारच्या टेबलवरच्या मुलीनं विचारलं, "तुमच्याकडे मोजणी टीव्हीवर दाखवतात? सगळी?" मी म्हटलं, हो, दिवसभर. ती "ओ" म्हणाली. मजला आला, उतरली.

बुधवार, ५ जून

झोप नाही. वीचॅट, म्हणजे इथलं व्हॉट्सॲप, चाळत होते. आईचं खातं अजून वर पिन केलेलं आहे.

हे सगळं लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर क्रम विसरेन. मी २०१६च्या सप्टेंबरात आले. फेसबुक आणि यूट्यूब २००९ पासूनच बंद, गूगल २०१० मध्ये हाँगकाँगला गेलं, जीमेल २०१४च्या शेवटी गेलं. पण व्हॉट्सॲप चालू होतं, म्हणून मला कशाचंच काही वाटलं नाही. २०१७च्या जुलैत फोटो जायचे थांबले, सप्टेंबरात सगळंच थांबलं. त्याच उन्हाळ्यात इथल्या ॲप स्टोअरमधून व्हीपीएनही काढले. माझा फोन बिघडून नवा घेतला तेव्हा कळलं की शिडी उतरवून घ्यायलाही आधी शिडी लागते. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. त्यानंतर सुट्टीत गेले तेव्हा आईच्या फोनवर वीचॅट घालून दिलं. ती त्यात रमली. नाचणारा एक जाडा पांडा होता, तो दिवसाला दहा वेळा यायचा. २०१९च्या एप्रिलात विकिपीडिया सगळ्या भाषांतला बंद झाला, मराठीसुद्धा. मराठी विकिपीडिया वाचून बीजिंगचं काय बिघडणार होतं, मला अजून कळलेलं नाही.

मग गलवान. २९ जून २०२० ला आपल्या सरकारनं ५९ चिनी ॲप बंद केली, त्यात वीचॅट. म्हणजे इकडं व्हॉट्सॲप नाही, तिकडं वीचॅट नाही. दोन सरकारं एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हती, पण आम्हा मायलेकींच्या बाबतीत मात्र त्यांचं एकमत झालं. वर कोविड, विमानं बंद. पांडा तिथंच थांबला. आजही वर सरकवलं की नाचतो.

मी शिडी वापरते ते नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. ग्वांगदोंगमध्ये एका माणसाला याच कारणावरून १,००० युआन दंड झाल्याचं वाचलं होतं. परदेशी माणसाकडं सहसा डोळेझाक करतात. टेबलवरच्या त्या मुलीकडं तशी डोळेझाक होईलच असं नाही, म्हणून तिच्यासमोर मी कधी फिरणारा गोल उघडून बसत नाही. आणि आपण मोठे मोकळे म्हणून मिरवायलाही तोंड नाही. गेल्या जूनमध्ये कोल्हापुरात दगडफेक झाली आणि मोबाइल नेट बंद केलं, तेव्हा माझी शिडी मस्त लागली होती. फक्त मावशी पलीकडं नव्हती.

रविवार, ९ जून

सकाळी सातला टोकियो लागलं! एकशे त्रेचाळीस मेसेज धबाधब आले. यूट्यूब उघडलं तर जपानी शाम्पूची जाहिरात, कारण त्याच्या हिशेबानं मी टोकियोची. भावाला मागं लोकेशन पाठवलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, तू तर कालव्यात राहतेस." इथल्या नकाशांची मोजणी मुद्दाम सरकवलेली असते, बाहेरच्या नकाशावर ठिपका भलतीकडंच पडतो. एकूण मी नक्की कुठं आहे ते एकाही यंत्राला धड सांगता येत नाही.

उद्या ड्रॅगन बोटचा सण आहे, सुट्टी. मुलीनं काल बांबूच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे त्रिकोण दिले. दोन उकडायला ठेवून मेसेज बघत बसले. आईचे सात व्हॉइस मेसेज, सगळे ४ जूनचे. फोन चालू असताना हिनं व्हॉट्सॲपवर का बोलावं? पहिल्यातच सांगून टाकलंय: "फोन मधीच तुटला तर नंतर ऐक."

पाचव्यात टीव्हीचा गलका, कुकर, मग आई, "लीड कमी झालं बघ." आणि तिच्या मागून, भावाच्या फोनच्या स्पीकरमधून, कुणीतरी चिरक्या आवाजात विचारतंय, "आई, कितवी फेरी गं? आई?"

भात करपल्याचा वास आला तेव्हा उठले.